पडद्याचा तास

आमच्या बाई माणसाच्या अंगावर खडूने यकृत काढायच्या.

"ये इकडे," म्हणून समोरच्या बाकावरची कुणीतरी एक उभी करायच्या, युनिफॉर्मवरूनच बरगड्या चाचपायच्या, शेवटच्या बरगडीशी थांबायच्या आणि एका दमात रेघ ओढायच्या. उजवीकडे जाड आणि डावीकडे निमुळतं होत गेलेलं यकृत. पाठीवर दोन मूत्रपिंडं, त्यातलं उजवं जरा खाली, कारण त्याच्या डोक्यावर यकृत बसलेलं. तास संपल्यावर ते पुसायची परवानगी नव्हती. तसंच घरी जायचं.

"रिक्षावाला विचारेल, शेजारीण विचारेल, आई तर विचारणारच. प्रत्येकाला सांगायचं. आणि कोण काय म्हणालं ते उद्या मला येऊन सांगायचं."

आमची नर्सिंग स्कूल मुलुंडला एका हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला होती. मी भांडुपची. पहिल्यांदा पाठीवर मूत्रपिंडं घेऊन घरी गेले, तेव्हा आईने दारातच अडवलं. "पाठीर काय गो ह्या? कोणी काढल्यान?"

मी म्हटलं, किडन्या आहेत, बाईंनी काढल्यात. आईने हात मागे नेऊन स्वतःच्या कंबरेच्या वर ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माका दुखता, ती कंबार नाय?"

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "कुठे हात ठेवला तिने? दाखव. तिचा हात जसा होता तसा दाखव." मी दाखवला. त्यांनी आईला बोलावून घेतलं, स्वतः ओपीडीत नेलं. वर्षभर बाम आणि शेक यांच्यावर चाललेला मुतखडा त्या आठवड्यात सापडला.

बाई ठेंगण्या, सावळ्या, रुंद मनगटांच्या. पांढरी कडक इस्त्रीची साडी, कोपरापर्यंत बाह्यांचा पांढरा ब्लाउज, आणि पोटावर कायम खडूची भुकटी. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या. लग्न केलं नव्हतं. पंचवीस वर्षं वॉर्डात काढून मग शिकवायला आल्या होत्या, आणि शिकवायचा एकच विषय मागून घेतला होता, शरीररचना आणि शरीरक्रिया. मॅडम म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "मॅडम ब्यूटी पार्लरात असतात. मला बाई म्हणा."

बोलताना समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती. शिपाई असो, प्रिन्सिपल असो, ट्रस्टी असोत. माणूस आपलं काम सांगत असायचा आणि बाईंची तीन बोटं त्याच्या नाडीवर. नव्या माणसाला फार अवघडल्यासारखं व्हायचं. आम्हाला तर पहिल्या महिन्यात वाटायचं, बाईंचं डोकं जरा सरकलंय. मग लक्षात आलं की बत्तीस मुलींच्या नाड्या त्यांना पाठ आहेत. "तुझी अडुसष्ट असते. आज शहाण्णव का? जेवली नाहीस, की खोटं बोलतेयस?" दोन्ही खरं असायचं.

एकदा सगळ्यांना पावाचा कोरडा तुकडा दिला आणि चावत राहायला सांगितलं. गिळायचं नाही. बत्तीस मुली मुकाट्याने जबडे हलवतायत. दारातून डोकावलेले प्रिन्सिपल तसेच परत गेले. दोन-तीन मिनिटांनी एकेकीच्या चेहऱ्यावर नवल उमटायला लागलं. पाव गोड लागत होता. "ही लाळ," बाई म्हणाल्या. "पिठाची साखर केली तिने. तुमचं पोट अजून झोपलंय आणि पचन सुरू झालंय." त्यानंतर त्यांनी पुस्तक उघडलं. पुस्तक नेहमी असंच, शेवटी.

हाडांची त्यांची एक कापडी पिशवी होती. डोळ्यांवर ओढणी बांधून पिशवीत हात घालायचा आणि हाड ओळखायचं. डावं की उजवं तेही. ती खरी हाडं होती, कुठल्याशा जुन्या काळची. पिशवी जमिनीवर ठेवलेली बाईंना खपायची नाही. एकदा एका मुलीने मांडीच्या हाडाने टेबलावर ताल धरला. बाईंनी तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "हा चालायचा." त्या दिवशी वर्गात पुढे कुणी हसलं नाही.

आता पडद्याबद्दल सांगते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक घुमट असतो. तो खाली सरकला की श्वास आत येतो, वर गेला की बाहेर जातो. पुस्तकात त्याला श्वासपटल म्हणतात, डॉक्टर डायफ्राम म्हणतात, बाई पडदा म्हणायच्या. पडदा शिकवताना त्या फार हळू बोलायच्या. या पडद्याची नस मानेतून निघून छातीतून खाली येते, आणि मानेच्या त्याच मुळांतून खांद्याच्या कातडीचीही नस निघते. म्हणून पडद्याला खालून काही टोचलं, तिथे रक्त साचलं, तर दुखतो खांदा.

"चाळीत दोन बिऱ्हाडांच्या बेलची वायर एकच असली तर काय होईल?" बाईंनी विचारलं होतं. "बटण दाबतो खालचा आणि दार उघडतो वरचा. वरच्याला वाटतं, आपल्याकडेच कोणी आलंय. तसा तो खांदा. त्याच्याकडे कोणी आलेलं नाही. खाली जाऊन बघा."

पुढच्या आठवड्यात चाचणी झाली. 'प्लीहा फुटल्यास वेदना कोठे जाणवते व का?' मी पाऊण पान लिहिलं. प्लीहा डाव्या बरगड्यांखाली, पडद्याला लागून, म्हणून दुखतो डावा खांदा, आडवं झोपल्यावर जास्त, कारण रक्त वर पडद्याकडे सरकतं. दहापैकी दहा. बाईंनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला.

त्यानंतर चौथ्या दिवशीची गोष्ट. माझ्या बाकावर विशाखा बसायची. घाटकोपरची, वडील बुलढाण्याकडून आलेले, बसवर कंडक्टर. आम्ही डबा एकत्र खायचो. त्या दिवशी सकाळी ती स्टेशनच्या पुलावरून उतरताना पाय घसरून पडली होती आणि डावी कूस कठड्यावर आपटली होती. सकाळचे तास तिने बसून काढले. दुपारच्या सुट्टीत म्हणाली, "यार, खांदा जाम दुखतोय. डबा तू खा."

आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक कॉट होती, तिच्यावर शिकवायचा पुतळा झोपवलेला असायचा. आम्ही दोघींनी पुतळा बाजूला केला आणि मी विशाखाला तिथे आडवं केलं. पर्समध्ये आईचा बाम होता. तो खांद्याला चोळला.

"झोपल्यावर जास्त दुखतंय गं," ती म्हणाली.

मी खांद्याखाली उशी सरकवली.

"कितव्या पायरीवरून पडलीस, आठवतंय तरी का?" मी हसून विचारलं. तिच्या कपाळावर घाम होता. पंखा बंद होता म्हणून असेल, असं मला वाटलं. उठून पंखा लावला आणि तिच्या शेजारी बसून मी दोघींचा डबा खाल्ला.

बाई हाडांची पिशवी न्यायला आल्या. कॉटवर माणूस बघून थांबल्या. पाच पावलं चालून आल्या आणि विशाखाचं मनगट धरलं. मग तिच्या पापणीची आतली बाजू बघितली. पोटावर हात ठेवला. विशाखा कण्हली.

"पडली कधी?"

"सकाळी," मी म्हटलं.

"बाम कोणी लावला?"

"मी."

"उशी?"

"मी."

बाई पुढे काही विचारत बसल्या नाहीत. दार उघडून अशा आवाजात "ट्रॉली!" म्हणून ओरडल्या की मला तोपर्यंत माहीत नव्हतं, त्यांच्यात तो आवाज आहे. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता. त्याने 'खांदा' एवढंच ऐकलं आणि खांद्याच्या एक्स-रेचा कागद लिहायला घेतला. बाईंनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्याचा हात विशाखाच्या मनगटावर ठेवला.

"मोज."

"सिस्टर, तुम्ही जरा बाहेर..."

"मोज म्हणते ना!"

त्याने मोजलं. त्याचा चेहरा बदलला. पुढची धावपळ मी भिंतीला टेकून बघितली. सोनोग्राफीत पोटभर रक्त दिसलं. विशाखाची आई घाटकोपरहून पोचायच्या आत तिला ऑपरेशनला आत घेतलं होतं. प्लीहा काढून टाकावी लागली. विशाखा वाचली. सर्जन नंतर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर ते आत न्यायलाही तयार झाले नसते.

मी कुणाला काही बोलले नाही. वाट बघत होते की बाई बोलावतील, ओरडतील, प्रिन्सिपलकडे नेतील. काहीच झालं नाही. नवव्या दिवशी वर्गात आल्या, खुर्चीवर बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढे ये. विशाखाचं काय झालं ते सांग. क्रमाने."

मी उभी राहिले आणि रडायला लागले.

"रडण्याने क्रम चुकतो. पाणी पी. मग सांग."

मी सांगितलं. बाम, उशी, पंखा. डबा खाल्ला हे गाळलं होतं, ते त्यांनी विचारून काढून घेतलं. "आणि पेपरात किती मिळाले होते?" "दहापैकी दहा." बाईंनी वर्गाकडे बघितलं. "लिहून घ्या," म्हणाल्या. "हिला माहीत होतं."

त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की वाटलं, शिकणं सोडून द्यावं. महिन्याभराने विशाखा परत आली, पोटावर उभी शिवण घेऊन. तिने ऐकलं आणि माझ्या डोक्यात टपली मारली. "तू निदान बाम तरी लावलास. बाकीच्या कँटीनमध्ये होत्या ना." तिच्यासाठी विषय तिथे संपला.

माझ्यासाठी संपला नाही, कारण बाईंनी संपू दिला नाही. पास झाले, घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागले. त्या वर्षी एका संध्याकाळी फोन आला. "उद्या पडदा आहे. अकराला ये."

"कशाला, बाई?"

"नव्या मुली आहेत. सांगायला."

मी गेले. अनोळखी बत्तीस मुलींपुढे उभी राहिले आणि क्रमाने सांगितलं. बाई खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी मला चहा पाजला, आईच्या मुतखड्याची चौकशी केली. शाबासकी दिली नाही, सांत्वनही केलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा फोन, तेच शब्द. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी तो फोन येण्याआधीचा महिना माझा वाईट जायचा. विशाखाला सांगितलं तर ती वैतागायची. ती तोवर अंधेरीला एका डायलिसिस सेंटरमध्ये होती. "पोट माझं फाडलं आणि मी विसरले. तू का तिथेच अडकलीयेस? नाही म्हणून सांग ना बाईंना!"

पाचव्या वर्षी मी नाही म्हटलं. तेव्हा मी नुकतीच वॉर्डची इन्चार्ज झाले होते. बाईंनी शिकवलेल्या मुली माझ्या हाताखाली यायला लागल्या होत्या, आणि त्यांच्या नजरेत ती डबा खाणारी मुलगी म्हणून राहायचं मला नको होतं.

"बाई, आता पुरे झालं," मी फोनवर म्हटलं. आवाज चढला होता. "चार वर्षं तुम्ही मला उभं करताय. तिचं सगळं नीट झालंय. आणखी किती वेळा?"



"बरं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुन्हा फोन आला नाही. मीही केला नाही. एक वर्ष, दोन वर्षं, तीन.

मग माझ्या वॉर्डात श्रद्धा नावाची मुलगी आली. चटपटीत, बडबडी. एका रिक्षावाल्याला तिने दाखल करून घेतलं. हँडल पोटात लागलेलं आणि तक्रार मात्र खांद्याची. कुणी काही म्हणायच्या आत श्रद्धाने त्याची नाडी मोजून सर्जनला फोन केला होता. मी तिला शाबास म्हटलं, तर म्हणाली, "सिस्टर, हे आम्ही जन्मात विसरणार नाही. आमच्या बाईंच्या हातून एकदा चूक झाली होती ना!"

"कुठल्या बाई?"

तिने सांगितलं. बाईंनीच एकदा एका मुलीला खांद्याला बाम लावून झोपवलं होतं. वर उशी दिली होती. तिच्याशेजारी बसून डबा खाल्ला होता. "दर वर्षी पडद्याच्या तासाला स्वतः उभ्या राहून सांगतात. सगळं क्रमाने. आम्हाला तर कापरं भरतं. बाईंकडून असं होऊ शकतं, तर आम्ही कोण?"

मी ड्यूटीचं रजिस्टर पुढे ओढलं आणि त्यात बघत राहिले. श्रद्धाला काहीच सांगितलं नाही. मुलुंडला जाऊन यावं असं रोज वाटायचं, आणि रोज काहीतरी काम निघायचं. असे आठ महिने गेले.

मग बाईच माझ्या वॉर्डात आल्या. पेशंट म्हणून. हृदय मोठं झालेलं, थकलेलं. तीन उशांना टेकून बसल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता. मला बघून त्यांनी हात पुढे केला आणि सवयीने माझं मनगट धरलं. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. त्यांचे ओठ जांभळट झाले होते.

तशातही त्यांनी वर्ग भरवलाच. श्रद्धा त्यांच्या पायाची सूज बघत होती, तर म्हणाल्या, "पायाला कशाला बघतेस? मी चार दिवस पलंगावर आहे. पाणी उतरून कुठे जमेल?" श्रद्धा गोंधळली. "कंबरेला बघ. माकडहाडाशी. दाब बोटाने, खड्डा पडतो का सांग." श्रद्धाने दाबलं. खड्डा पडला. बाईंना समाधान वाटलेलं दिसलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत होता. श्रद्धा पलीकडच्या पेशंटच्या सलाईनकडे बघत होती. मी पलंगाशी स्टूल ओढून बसले.

"बाई, तुम्ही मुलींना असं का सांगितलंत? तुम्ही तर तिला वाचवलंत."

बाईंना बोलायला वेळ लागला. दोन-तीन शब्द, मग श्वास, असं चाललं होतं. "तू येईनाशी झालीस. मुलींना तर कळायला हवं. कोणीतरी केलेलं असावं लागतं ते. कोणा एकीने, असं म्हटलं की मुली ऐकत नाहीत."

"पण खोटंच ना ते."

"बाम तू लावलास हे खरं," बाई म्हणाल्या. "पण तुला दहापैकी दहा मी दिले होते. तुला येतं असं मला वाटलं. तुला नुसतं लिहिता येत होतं. मग ते माझंच ना?"

इतक्या वर्षांत मला हे कधी सुचलं नव्हतं, की खिडकीशी उभ्या राहून त्या माझी चूक ऐकत नसतील.

मी श्रद्धाला बोलावलं. "ती बामची गोष्ट," मी म्हटलं. "ती मुलगी मी. बाईंनी फक्त धावपळ केली. बाम मी लावला, डबा मी खाल्ला." श्रद्धा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली.

बाईंनी डोळे मिटले होते. "उशी राहिली," त्या म्हणाल्या.

"हो. उशीही."

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास बाई गेल्या. डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहिली. मी आणि श्रद्धाने पडदे ओढून घेतले. नळ्या काढल्या, अंग पुसलं, डोळे मिटवले, हनुवटी बांधली, हातपाय सरळ केले. पांढरी चादर गुंडाळायला घेतली तेवढ्यात बाईंची थोरली बहीण आली. वर्सोव्याहून, सत्तरी उलटलेली, गुडघ्यापर्यंत कोळी पद्धतीचं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, हातात प्लास्टिकची पिशवी. आयुष्यभर बाजारात मासळी विकलेला तो आवाज तिने दाबून धरला होता.

"ही चादर काढ गो," ती म्हणाली. "आमच्या घरातून ही पांढऱ्यात गेली नव्हती. पांढऱ्यात येयाची नाय."

पिशवीतून तिने लुगडं काढलं. जांभळं, त्यावर पिवळी फुलं. "आमच्या आयचं," म्हणाली.

अशा वेळी वॉर्डात नेसवत नाहीत, घरी नेऊन करतात, हे मला माहीत होतं. पण दोन-तीन तासांत अंग ताठ होतं, मग घरी नेऊन जमणार नाही, हेही माहीत होतं. मी म्हटलं, "आत्ताच नेसवू. पण मला हे लुगडं नेसवता येत नाही, मावशी."

"मी हाय ना."

तिने पदर खोचला आणि कामाला लागली. आम्ही दोघी शिकलेल्या नर्स तिच्या हुकमावर. कंबर उचल. आता गुडघा वाकव. घाबरतेस काय, मोडत नाय ती. निऱ्या तिने मांडीवर घेऊन घातल्या, कातडी फाटलेल्या जाड बोटांनी एकेक निरी दाबून. कासोटा मागे नेताना मी बाईंना कुशीवर धरून ठेवलं, त्यांचं डोकं माझ्या खांद्याशी. मी त्यांना कधी रंगीत कपड्यात बघितलं नव्हतं. नेसून झाल्यावर त्या दुसऱ्याच कुणी वाटल्या, वयाने लहान, रागीट, बाजारात भाव न पाडणाऱ्या.

बहिणीने स्वतःच्या केसांतली वेणी सोडली, निम्मी तोडली आणि बाईंच्या कानामागे खोवली. मागे सरून एकदा नीट बघितलं.

"चल गो," ती बाईंना म्हणाली. "घरी सगळी जमलीत."

श्रद्धाने ट्रॉली पलंगाला लावली. मी पायांकडची बाजू उचलली.